हंगामी बास्केटबॉल कोचिंग, नाशिक: निकाल वाईट, डिफेन्स चांगला, फुल कोर्ट प्रेससमोर तारांबळ

नाशिकमधल्या एका कॉलेजने मुलांच्या संघासाठी जुलै ते नोव्हेंबर बाहेरून कोच नेमले होते. एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा केलेले सर, आठवड्याचे पाच दिवस, सकाळी साडेसहा ते आठ, मानधन महिन्याच्या हिशोबाने. या सेवेला आमचे पाचपैकी तीन स्टार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून संघ लवकर बाहेर पडला. खुल्या स्पर्धांतही हारच जास्त वेळा पदरी आली. नुसता निकाल पाहिला तर एक स्टारही जास्त वाटेल, पण तसं केलं तर सरांवर आणि मुलांवर दोघांवरही अन्याय होईल.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत ड्रॉ (कोणाशी सामना पडतो ती सोडत) वाईट लागला की हंगाम आटोपतो, त्यामुळे किती सामने जिंकले यावरून कोचचं काम कळत नाही. पहिल्या सामन्यात होणाऱ्या चुका शेवटच्या सामन्यापर्यंत कमी झाल्या का, हे बघायचं. त्यासाठी स्कोअरशीट पुरत नाही. बेंचवरच्या एका मुलाच्या हातात वही द्या आणि चारच गोष्टी लिहायला सांगा: शॉट किती मारले आणि किती पडले, बॉल किती वेळा घालवला, आपल्या चुकलेल्या शॉटचे किती रिबाउंड (रिंगवरून परत आलेले बॉल) आपणच घेतले, फ्री थ्रो किती मिळाले. अमेरिकन विश्लेषक डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले हे चार घटक कॉलेजच्या पातळीवरही तंतोतंत लागू पडतात. बॉल घालवण्याचं प्रमाण काढायला घालवलेले बॉल भागिले (एकूण शॉट + फ्री थ्रोच्या 0.44 पट + घालवलेले बॉल) एवढा हिशोब पुरतो. समजा 50 शॉट, 10 फ्री थ्रो आणि 22 वेळा बॉल घालवला, तर उत्तर जवळपास 29 टक्के येतं. म्हणजे दहातल्या तीन चढायांत रिंगकडे शॉटच गेला नाही. असा संघ डिफेन्स कितीही चांगला खेळला तरी जिंकत नाही, आणि या संघाचं दुखणं नेमकं हेच होतं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे.

बॉक्स आउट, म्हणजे रिबाउंडसाठी समोरच्याला अंगाने रिंगपासून दूर रोखणं, या सरांनी जसा शिकवला तसा शहरात फार कमी ठिकाणी शिकवला जातो. रिंगखाली तीन विरुद्ध तीन, सर बाहेरून मुद्दाम शॉट चुकवणार, आणि डिफेन्सच्या तिघांनी बॉलला हातही लावायचा नाही. बॉल जमिनीवर दोन टप्पे पडेपर्यंत आपला माणूस पाठीमागे धरून ठेवायचा. एकाचा माणूस जरी आत घुसला तरी पुन्हा पहिल्यापासून. पहिले काही दिवस सगळी मुलं वर बॉलकडे बघत राहतात आणि माणूस बगलेतून निसटतो. मग हळूहळू सवय लागते: शॉट सुटला की आधी मागे वळून माणूस शोधायचा, पुढच्या हाताने त्याला अडवायचं, वळून कंबर त्याच्या मांडीला भिडवायची, गुडघे वाकवायचे, आणि त्यानंतर बॉल. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला की बॉल बहुतेकदा पलीकडच्या बाजूला जातो, हेही सरांनी मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलं. ऑक्टोबरपर्यंत हा संघ आपल्यापेक्षा उंच संघांसमोर डिफेन्सचे रिबाउंड टिकवत होता. हरलेल्या सामन्यांतही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे 2-3 झोन: पुढे दोन, मागे तीन, आणि प्रत्येकाने माणसाऐवजी आपली जागा सांभाळायची. हा झोन लावणारे बरेच, पण त्याची गळती कुठे होते ते थोड्यांनाच माहीत असतं. बॉल एका विंगवरून (बाजूच्या बाहेरच्या जागेवरून) दुसऱ्या विंगवर झटकन गेला की पुढच्या गार्डला पोचायला उशीर होतो, मागच्या फळीतला मुलगा वर धावतो आणि बेसलाइनचा कोपरा उघडा पडतो. सरांचा उपाय साधा होता. मागचा मुलगा दोन पावलं वर येऊन हात उंच करणार, गार्ड पोचताच ‘माझा’ असं ओरडणार, आणि मागचा तिथल्या तिथे कोपऱ्याकडे परत फिरणार. बॉलपासून लांब असलेला गार्ड त्याच वेळी फ्री थ्रो लाइनवरच्या माणसापुढे उतरणार. ही ओरड सामन्यात बाहेर बसूनही ऐकू यायची. ज्या संघाचा डिफेन्स बोलतो त्याला कोणीतरी मनापासून शिकवलंय, एवढं नक्की.

आता जिथे कमी पडले ते.

फुल कोर्ट प्रेस, म्हणजे अर्ध्या लाइनपर्यंत न थांबता पूर्ण कोर्टवर बॉलवाल्याला दाबणारा डिफेन्स. समोरच्या संघाने बास्केट केल्यावर 1-2-1-1 रचनेत असा दबाव आणला की या संघाची अक्षरशः तारांबळ उडायची. बाहेरून बॉल आत द्यायला 5 सेकंद, अर्धी लाइन ओलांडायला 8 सेकंद, एवढा वेळ पुरेसा असतो, पण कोण कुठे उभा राहणार ते ठरलेलं असेल तरच. इथे सगळी भिस्त एकाच गार्डवर. त्याला पास, तो कडेने ड्रिबल करत निघाला, अर्धी लाइन ओलांडली आणि तिथेच कोपऱ्यात दोघांनी घेरलं. त्या कोपऱ्यात एका बाजूला साइडलाइन, मागे अर्धी लाइन, समोर चार हात. परत मागे जाता येत नाही, ड्रिबल थांबवला की पिव्हटशिवाय (एक पाय रोवून जागच्या जागी वळण्याशिवाय) काही उरत नाही. बाकीचे चौघे वीस-पंचवीस फूट लांब, बॉल येईल म्हणून वाट बघत उभे. तिथून मारलेला उंच, लोंबता पास विरुद्ध संघाच्या हातात आणि पलीकडे सरळ लेअप. प्रत्येक सामन्यात हेच चित्र दिसलं.

त्यावरचा तोडगा या खेळातल्या कोणत्याही कोचला ठाऊक असतो, सरांनाही होता. बास्केटनंतर बॉल आत देणाऱ्याला बेसलाइनवर धावता येतं, म्हणून ते काम उंच, शांत डोक्याच्या फॉरवर्डकडे द्यायचं, चांगल्या ड्रिबलरकडे नाही. बॉल घेणाऱ्याला तीन पास कायम दिसले पाहिजेत: साइडलाइनला पुढे, मधल्या पट्ट्यात आणि मागे सुटकेसाठी. मधला माणूस बॉलकडे धावत येणार, उभा राहणार नाही. बॉल कोपऱ्यात न्यायचाच नाही, ट्रॅप (दोघांचा घेराव) येताना दिसला की तो बसण्याआधी पास सोडायचा. हे सगळं सरांनी फळ्यावर उत्तम काढून दाखवलं, पण मैदानावर घोटवून घेतलं नाही.

कारण समजण्यासारखं आहे. सकाळी हजेरी नऊ-दहा जणांची. कोणाचं प्रॅक्टिकल, कोणाचं जर्नल, सिन्नर-ओझरहून येणाऱ्यांची बस, गणपतीच्या आधी रात्री उशिरापर्यंत ढोल पथकाचा सराव. पाच विरुद्ध पाचच होत नाही, मग प्रेस कसा लावणार, असा सरांचा प्रश्न. पण सात जणांतही हे होतं: तीन चढाईला, चार डिफेन्सला, कोर्टची अर्धी रुंदी, ड्रिबलला पूर्ण बंदी, 8 सेकंदांत अर्धी लाइन पार. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. माणसं कमी असतानाही चढाईपेक्षा डिफेन्समध्ये एक जास्त ठेवला की सामना सोपा वाटू लागतो. रोजची वीस मिनिटं डिफेन्सच्या शेल ड्रिलला (बॉल फिरेल तशा जागा बदलण्याच्या सरावाला) जात होती, त्यातली दहा इकडे वळवायला हरकत नव्हती.

दुसरी नाराजी टाइम आउटची. पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्या हाफमध्ये तीन मिळतात, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. पहिल्या हाफचे दोन पुढे नेता येत नाहीत. तरीही समोरचा संघ ओळीने आठ-दहा पॉइंट काढत असताना ते दोन्ही तसेच पडून राहायचे. प्रेसमध्ये सापडलेल्या पोरांना साठ सेकंद श्वास आणि एक स्पष्ट सूचना, एवढ्यानेही सामना सावरतो.

बदलीचंही तसंच. बारा खेळाडूंपैकी सातच फिरत राहिले. चौथ्या क्वार्टरला पाय गेले की शॉट आखूड पडतो, रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो, आणि मुलाला वाटतं आपला हातच बिघडला. थकलेला डिफेंडर पायाऐवजी हाताने अडवतो. मग क्वार्टर निम्माही झालेला नसताना संघाचे चार फाउल भरतात, पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. आठव्या-नवव्या खेळाडूला दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीन-तीन मिनिटं दिली असती तर शेवटी हे झालं नसतं. रेफ्रीशी वाद घालून बेंचवर ओढवून घेतलेले टेक्निकल फाउल तर पूर्णपणे टाळता आले असते. फुकटचा एक फ्री थ्रो जातो, आणि सगळा संघ खेळ सोडून शिट्टीकडे बघू लागतो.

फ्री थ्रोचा सराव व्हायचा, पण शेवटी, आरामात, एकेकाने दहा-दहा. सामन्यात फ्री थ्रो धापा टाकताना मारावा लागतो. दोन स्प्रिंट, लगेच दोन शॉट, पुन्हा स्प्रिंट, असं हवं.

कोर्टबद्दल थोडक्यात. सिमेंटच्या उघड्या कोर्टवर नाशिकचा जुलै-ऑगस्ट म्हणजे शेवाळ. ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने घासल्याशिवाय पळवू नका, गुडघे जातात. पावसाच्या दिवशी सर सराव रद्द न करता व्हरांड्यात पायांची हालचाल आणि भिंतीवर पासिंग घ्यायचे, हे आवर्जून नोंदवण्यासारखं. बॉल मात्र कॉलेजचे होते आणि वाईट होते. सिमेंटसाठी सात नंबरचे रबरी बॉल ठेवा, कंपोझिटचे दोन वेगळे ठेवून स्पर्धेच्या आठवड्यातच बाहेर काढा. हवा बहुतेक बॉलवर छापलेली असते, साधारण 7 ते 9 पीएसआय. ती अंगठ्याने दाबून ठरवू नका, गेजचा पंप घ्या.

मुलांशी वागणूक हा तिसऱ्या स्टारचा मुख्य आधार. हरल्यावर एकाही मुलाचा चारचौघांत अपमान नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरच्या व्हिडिओतून प्रत्येकाला त्याची एक चांगली आणि एक सुधारायची गोष्ट दाखवायचे. अकरावीत पहिल्यांदा बॉल हातात घेतलेली मुलं नोव्हेंबरपर्यंत टिकली ती त्यामुळे. संघ हरला तरी विभागाच्या संघनिवडीत चांगल्या डिफेंडरचं नाव पुढे येऊ शकतं, हेही सरांनी मुलांना नीट समजावून सांगितलं.

पुन्हा हेच सर घ्यावेत का? घ्यावेत, पण करार करताना तीन गोष्टी लेखी ठरवून: आठवड्यात तीन वेळा प्रेस तोडण्याचा सराव, मैत्रीपूर्ण सामन्यांत दहा खेळाडूंना वेळ, आणि बेंचवर वही सांभाळणारा एक विद्यार्थी. दुसऱ्या कॉलेजांनी कोच शोधताना डिप्लोमा बघून थांबू नये. एक सकाळ त्यांचा सराव उभं राहून बघावा आणि आठच मुलं आली तर तुम्ही काय घेता, हे विचारावं. आणि नेमणूक जुलैची वाट न बघता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करावी. पाऊस जोर धरण्याआधी कोर्टवर मिळणारे ते दोन-तीन आठवडे डाव्या हाताचा लेअप आणि पासिंग बसवायला पुरतात. पुढे स्पर्धा तोंडावर आल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही.