पाळी जायची वेळ आणि एंडोमेट्रिओसिस: थांबायचं, गोळी घ्यायची, मिरेना बसवायची की ऑपरेशन?

पंचेचाळिशीच्या आसपास एंडोमेट्रिओसिसचं दुखणं घेऊन गायनॅककडे गेलं की बऱ्याच जणींना दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं. एक तर "थोडीच वर्षं राहिलीत, पाळी गेली की थांबेल", नाहीतर "पिशवी काढून टाकू". दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, आतड्याजवळ, ओटीपोटाच्या आवरणावर वाढतात आणि इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, वरखाली होत राहतं. अंडं बाहेर पडणं मधूनमधून चुकतं, त्यामुळे अस्तरावर इस्ट्रोजेनला लगाम घालणारं प्रोजेस्टेरॉन आधी घटतं. म्हणून याच काळात कित्येकींचं अंगावरून जाणं आणि दुखणं वाढतं. त्यातच रात्री घामाने जाग येते, अंगातून वाफा निघतात. दुखण्याला इस्ट्रोजेन कमी हवं आणि वाफांना ते पुरेसं हवं, अशी ही ओढाताण आहे. कुठलाही पर्याय समोर आला की तो या दोन्ही बाजूंनी तपासायचा.

महागड्या 'हार्मोन प्रोफाइल'च्या मागे लागू नका. पाळी जायचा काळ सुरू झालाय याचं निदान पंचेचाळिशीनंतर पाळी आणि लक्षणं पाहूनच होतं, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तर एका महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसराच येतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र बघून घ्यावं.

थांबून बघणं

भारतात पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या सुमारास. तुम्ही 47 च्या असाल, पाळ्या लांबायला लागल्या असतील आणि मेफ्टलसारख्या गोळीवर ते दिवस निभत असतील, तर थांबणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. 41 व्या वर्षी मात्र 'थोडीच वर्षं' म्हणजे बरीच वर्षं. चॉकलेट सिस्ट (अंडाशयावरची, जुन्या रक्ताने भरलेली एंडोमेट्रिओसिसची गाठ) वाढत असेल, हिमोग्लोबिन घसरत असेल किंवा मूत्रवाहिनीवर दाब येत असेल, तर वय काहीही असो, थांबू नये.

डायनोजेस्ट की मिरेना?

निवड खरी इथे आहे, आणि नेमकी याचीच चर्चा ओपीडीत दोन मिनिटांत उरकली जाते.

डायनोजेस्ट हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. त्याची 2 मिलिग्रॅमची गोळी रोज, ठरलेल्या वेळी, खंड न पाडता घ्यायची. ती अंडं बाहेर पडणं दाबते, इस्ट्रोजेन थोडं खाली आणते आणि शरीरभर पोचते. त्यामुळे दुखणं ओटीपोटात पसरलेलं असेल किंवा अंडाशयावर सिस्ट असेल, तर तिचं पारडं जड. तोटे असे: पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, डोकं दुखतं, काहींचं मन खचतं. आधीच नैराश्याचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना सांगाच. बरीच वर्षं घ्यायची झाल्यास हाडांकडेही लक्ष हवं. भारतात ती संततिनियमनासाठी म्हणून दिली जात नाही, आणि चाळिशीनंतरही दिवस राहू शकतात.

मिरेना कॉपर टीसारखी गर्भाशयात बसवतात. तिच्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखंच हार्मोन रोज थोडंथोडं तिथल्या तिथे सुटतं. अंगावरून फार जाणं हाच मुख्य त्रास असेल, किंवा सोबत अॅडिनोमायोसिसही (अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) असेल, तर माझा कल मिरेनाकडे. रोजची आठवण नाही, आणि संततिनियमनही होतं. पण अंडाशयावरची सिस्ट ती विरघळवेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पहिले तीन ते सहा महिने डाग पडत राहतात. ते पाहून घाबरून ती काढून घेण्याआधी एवढा वेळ तिला द्यावा.

वाफा आणि घाम यांवर दोन्हींचा भरवसा धरू नये. शिवाय दोन्हींत पाळी बंद पडू शकते, त्यामुळे रजोनिवृत्ती आली की नाही हे पाळीवरून कळत नाही.

इंजेक्शनाचा पर्यायही सुचवला जातो. ल्युप्रोलाइडने अंडाशयं तात्पुरती झोपवतात. दुखणं थांबतं, पण रजोनिवृत्तीची सगळी लक्षणं एकदम अंगावर येतात आणि हाडं विरळ होतात. काही महिन्यांचा पूल म्हणून ठीक, बहुधा सोबत थोडी हार्मोन्स देऊन. कायमचा उपाय तो नाही.

ऑपरेशन

'पिशवी काढणं' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे निर्णय दडलेले असतात: गर्भाशय काढायचं का, अंडाशयं काढायची का, आणि बाहेर पसरलेले एंडोमेट्रिओसिसचे ठिपके काढणार का. नुसतं गर्भाशय काढलं तर रक्तस्राव संपतो, दुखणं संपेलच असं नाही. कारण ठिपके आत तसेच असू शकतात. दुर्बिणीतून ते नीट छाटणारा, गरज पडल्यास आतड्याचा सर्जन सोबत घेणारा डॉक्टर शोधणं हे मोठ्या रुग्णालयाच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

अंडाशयं ठेवली तर दुखणं परतण्याची शक्यता जास्त. काढली तर एका रात्रीत रजोनिवृत्ती, आणि ती नैसर्गिकपेक्षा कडक. 45 च्या आत ती आली तर हाडांना आणि हृदयाला धोका वाढतो, म्हणून नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन्स घेण्याचा सल्ला सहसा दिला जातो. आपल्याकडे पिशवी फार सहज काढली जाते. बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामुळे दुसरं मत घ्यायला संकोचू नका.

नंतरची हार्मोन्स

एरवी गर्भाशय नसलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. एंडोमेट्रिओसिस झालेल्या बाईसाठी मात्र गर्भाशय काढलेलं असलं तरी इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) सलग देणं, किंवा टिबोलोन ही दोन्हींसारखं काम करणारी गोळी देणं, पसंत केलं जातं. उरलेले ठिपके पुन्हा पोसले जाऊ नयेत म्हणून. रक्ताच्या गुठळीचा धोका तोंडी गोळीपेक्षा जेल किंवा पॅचमध्ये कमी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर हा रस्ता सहसा बंद. तेव्हा वाफांसाठी काही नैराश्यविरोधी औषधं किंवा गॅबापेन्टिन कामी येतं. शतावरीची किंवा सोयाची पावडर 'नैसर्गिक' म्हणून स्वतःहून सुरू करू नका, त्यांतले घटक इस्ट्रोजेनसारखे वागू शकतात.

हार्मोन्स घेत नसताना पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर एक डाग जरी दिसला, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची बायोप्सी करून घ्यायची. जुना एंडोमेट्रिओसिस असेल म्हणून सोडून द्यायचं नाही. त्या वयात नवी सिस्ट दिसली किंवा जुनी वाढली, तरी ताबडतोब दाखवायचं.