इम्युनिटी किटवाली गाडी गावात आली तं सावध राहा (स्क्रब टायफसचा अनुभव)

पोळा झाला की आपल्याकडे निंदणाचे, गवत कापायचे दिवस, अन् याच दिवसात भोंगा लावून एक गाडी गावोगाव फिरते, "मोफत बॉडी चेकअप" म्हणत. आमच्या गावात ती पारापाशी लागली होती. हातात एक दांडी धरायला देतात, तिची वायर लॅपटॉपला, अन् मिनिटभरात रंगीत रिपोर्ट बाहेर. माझ्या मोठीमायची इम्युनिटी निघाली 32 टक्के, शेजारच्या काकूची 34, सगळ्यांचीच कमी. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की दांडी धरून इम्युनिटीचे टक्के सांगेल अशी तपासणीच नसते.

मग किट काढलं, 3,200 रुपयांचं. गुळवेल-तुळशीचा काढा, कॅप्सूलची डबी, थेंबांची बाटली. तीन महिने घेतलं की डेंग्यू, स्क्रब टायफस (गवतातला किडा चावून येणारा ताप), मेंदूज्वर काहीच होत नाही असं ती बाई माईकवर छातीठोक सांगत होती. बचतगटाच्या बायांना हप्ते पाडून दिले, मोठीमायनं निंदणाच्या मजुरीतून भरले. गुळवेल तं आमच्या धुऱ्यावरच्या कडुलिंबावर फुकट चढली आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जाता जाता त्यांनी जे सांगितलं त्याचा मला भयंकर राग आहे, की ताप आला तरी गोळी घ्यायची नाही, दवाखान्यात जायचं नाही, शरीर आतलं विष बाहेर टाकत असते म्हणे.

अन् मोठीमायला ताप आलाच. डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, थंडी. किटवाल्यांच्या नंबरवर फोन केला तं म्हणे मावशी डोस डबल करा. आम्ही कितीही म्हटलं तरी मोठीमायचं एकच, "थांब ना बाप्पा, विष निघून राह्यलं." शेवटी आशाताई घरी आल्या, त्यांनी तिला रागावून सरकारी दवाखान्यात नेलं, तोवर तिला धाप लागायला लागली होती. तिथल्या मॅडमनी अंगभर तपासलं तं कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली, म्हणजे स्क्रबचा किडा चावल्याची खूण. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून कोणाचं लक्षच नाही. त्यांनी रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन चालू केलं अन् नागपूरला पाठवलं. आयसीयू, ऑक्सिजन, किडनीवर सूज. वाचली, पण अजून वावरात जायची ताकद नाही. डॉक्सीसायक्लिन किती स्वस्त आहे ते मेडिकलवाल्याला विचारून पाहा, अन् सरकारी दवाखान्यात मिळते. लवकर चालू केलं की बहुतेकांचा ताप दोन दिवसात उतरतो.

स्क्रब हा गवताझुडपातल्या बारीक किड्याच्या पिल्लामुळे होतो, डोळ्याला दिसत नाही, चावलेलं समजत नाही. 2018 ले नागपूरकडे याची मोठी साथ होती, लोकं गेले. लस नाही. एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे खुद्द रोगानं आलेली प्रतिकारशक्ती पुरत नाही, तिथं बाटलीतली कुठून पुरणार? वावरात पूर्ण बाह्यांचे कपडे, घरी आल्यावर लगेच आंघोळ, कपडे धुवायला, गवतावर कपडे वाळू घालायचे नाही अन् उघड्यावर शौचाला बसायचं नाही, घराजवळची झुडपं काढायची, उंदीर कमी ठेवायचे. एवढंच कामाचं आहे.

बाटलीवर लायसन नंबर नाही, बॅच नंबर नाही, फोन आता बंद. तापावर औषधाची अशी जाहिरात करणं औषधांच्या फसव्या जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे बाटलीसकट अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण नोंदवलं. पैसे काही आले नाहीत. तुमच्याकडे कोणी घेतलं असेल तं बाटली फेकू नका, फोटो काढा, पावती मागा, सरपंचाला सांगून गाडीचा नंबर लिहून घ्या. अन् घरात कोणाला ताप असेल तं आजच काख, जांघ, कंबर, छातीखाली, गुडघ्यामागं नीट पाहा. खपली दिसो न दिसो, दवाखान्यात न्या अन् वावरात गवतात काम केलं हे डॉक्टरला आपणहून सांगा.