भंगारातली तीन गिअरची रॅले: नऊ महिने आणि चौदाशे किलोमीटर वापरल्यानंतर

रिस्टोअर केलेल्या सायकलींचे फोटो बघा, सगळे पहिल्या दिवसाचे असतात. क्रोम चमकतंय, टायर काळेकुळकुळीत, सायकल भिंतीला टेकवलेली. नऊ महिन्यांनी ती कशी चालतेय हे कोणी लिहित नाही, कारण बऱ्याच वेळा ती चालवलीच जात नाही. माझी रोज चालते, पावसात पण. चौदाशे किलोमीटर झाले म्हणून आता लिहितेय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

सायकल म्हणजे जुनी रॅले, मूळची इंग्लिश कंपनी, जेन्ट्स फ्रेम, २६ इंची चाकं, मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब, म्हणजे चाकाच्या मधला डबा, गिअर त्याच्या आतच असतात. भंगाराच्या ढिगात एका फ्रिजच्या दाराखाली होती, मला आधी फक्त पुढचा बगळ्याचा बिल्ला दिसला. पुढचं चाक जाम, मागचं फिरत होतं पण पायडल मारलं की कधी पकडायचं कधी नाही. हबवर ‘६८ ३’ असा शिक्का आहे, म्हणजे हब मार्च १९६८ चा. सायकल पण तेव्हाचीच असेल असं लगेच समजू नका हां, चाकं बदललेली असतात कित्येकदा. माझ्या सायकलीचं बाकी सगळं त्या काळाशी जुळतं म्हणून मी मानते.

सुरुवात हबपासून करते कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती आणि सगळ्यात कमी त्रास त्यानेच दिला. मी तो उघडलाच नाही. जुनं तेल आत चिकट डिंकासारखं होतं आणि आतले खटके, म्हणजे ते स्प्रिंगवर उघडमिट करणारे छोटे दात, त्यात अडकून बसतात, मग पायडल पोकळ जातं. तेल घालायच्या भोकातून थोडं रॉकेल सोडलं, चाक मागे-पुढे फिरवलं, आडवं करून निथळू दिलं, परत तेच. तिसऱ्या वेळेला काळं पाणी यायचं थांबलं आणि टिकटिक सुरू झाली, ती जुन्या तीन गिअरवाल्यांची ओळखीची टिकटिक. मग हलकं मशीन ऑइल. आत ग्रीस ठासून भरू नका, त्याने खटके परत चिकटतात. नऊ महिन्यांत दर महिन्याला दहा-बारा थेंब तेल सोडून मी या हबला काहीच केलेलं नाही.

आतली रचना पण भारी आहे. मधे एक्सलवर न फिरणारं २० दात्यांचं चाक, त्याभोवती चार छोटी चाकं, आणि बाहेर ६० दात्यांचं कडं. वीस भागिले साठ म्हणजे एक तृतीयांश, म्हणून वरचा गिअर सरळ गिअरपेक्षा एक तृतीयांश जड, खालचा पाऊणपट, आणि मधला थेट. या हिशोबाच्या नादात एक अख्खी संध्याकाळ गेली माझी.

पण या हबची एक खोड आहे आणि ती मला अंगावर शिकावी लागली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा आहे जिथे कुठलाच गिअर नसतो. केबल नवीन टाकली होती, नवी केबल थोडी ताणली जातेच, दीड-दोन महिन्यांत ढिली झाली आणि माझं लक्ष नव्हतं. चढावर उभी राहून पायडल मारत होते आणि पायाखालून सगळं निघूनच गेलं. आदळले ती थेट वरच्या दांड्यावर, पुढचं वर्णन नको. सेटिंग दोन मिनिटांचं काम आहे: लिव्हर मधल्या गिअरवर ठेवायचा, उजव्या बाजूच्या एक्सल नटला जे भोक असतं त्यातून बघायचं, गिअर केबलला जोडलेल्या छोट्या साखळीच्या टोकाची बारीक दांडी एक्सलच्या टोकाशी बरोब्बर सपाट दिसली पाहिजे. आता दर रविवारी हवा भरताना तेवढं बघते.

आता कॉटर पिना. इथे माझा सगळा शहाणपणा उतरला.

ज्यांनी बघितल्या नसतील त्यांच्यासाठी, जुन्या सायकलींत क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर एका पाचरीने धरलेला असतो, तीच कॉटर पिन. एका बाजूने तिरकी घासलेली, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. काढायची म्हणजे नट ढिला करून आट्याच्या बाजूने ठोकायची. मी नट पूर्ण काढला, हातोडी घेतली आणि हाणली. पिन हलली नाही, आट्यांचं तोंड मात्र मशरूमसारखं फुललं आणि मग ती हलणं शक्यच नव्हतं. वर अजून मूर्खपणा म्हणजे खाली आधार दिला नव्हता, म्हणजे प्रत्येक घाव थेट आतल्या छर्ऱ्यांवर आणि ते ज्यात फिरतात त्या वाट्यांवर जात होता, त्यांना तशाने खड्डे पडतात. ती पिन शेवटी ड्रिलने पोखरून काढली.

दुसरी पिन काढताना अक्कल आली होती. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर उंचीचा कापला, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत जाईल असा उभा केला म्हणजे घावाचा जोर जमिनीत जातो. नट काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच ढिला करायचा म्हणजे आटे वाचतात. तीन दिवस आधीपासून आत मुरणारं तेल सोडत होते. बाबांना पाइप धरायला बसवलं.

“बाबा, हलवू नका.”

“मी नाही हलवत, तुझाच हात थरथरतोय. एकदाच मार, नीट मार.”

एकदाच मारली, नीट मारली, आणि ‘टक्’ ऐवजी ‘थप्’ असा आवाज आला. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहितीये.

नवीन पिना आणताना माप बघा, माझ्या सायकलला साडेनऊ मिलिमीटरच्या लागतात, नऊच्या पण मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. आणलेली पिन तशीच ठोकून बसवायची नाही. तिरकी बाजू कानसीने घासायची, बसवायची, परत काढायची, चकाकी कुठे आलीये ते बघायचं. चकाकी फक्त एका कोपऱ्यात असेल तर पिन तेवढ्यावरच टेकतेय, उरलेली हवेत आहे. पूर्ण पट्टा चकाकेपर्यंत हेच. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात, नाहीतर दोन पायडल सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना लंगडल्यासारखं वाटतं. नटाने ओढून बसवायच्या नाहीत, आधी ठोकायच्या, मग नट आवळायचा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून परत ठोकून परत आवळायचं, कारण पिन चालवण्यानेच बसते. मी उजवीचं केलं, डावीचं विसरले, त्याचं पुढे सांगते.

मधला बुश, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो तो भाग, उघडला तर दोन्ही बाजूंना मिळून पाव इंची बावीस छर्रे आणि काळी माती. छर्रे सगळे नवीन टाकले, स्वस्तात होणारं सगळ्यात मोठं काम हेच. उजवीकडची वाटी काढायच्या फंदात पडले नाही, उलटे आटे असतात तिथे आणि घट्ट असते, आतल्या आतच पुसून काढली. खड्डे नव्हते, नशीब. आणि हो, रॅलेचे इथले आटे इंचाला २६ असतात, बाकी इंग्लिश सायकलींचे २४, त्यामुळे आजचा सीलबंद बुश आणून बसवू म्हणाल तर बसत नाही.

टायरच्या बाबतीत मी सरळ फसले. २६ इंची म्हणून २६ इंची आणला, तो रिमवर नुसता ताणून पण चढेना. २६ बाय १ ३/८ आणि २६ बाय १.७५ ही वेगवेगळी जात आहे, अपूर्णांकात लिहिलेला टायर आणि दशांशात लिहिलेला टायर एकमेकांना चालत नाहीत. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात मिलिमीटरचा आकडा असतो तो बघा, मला ५९० पाहिजे होता आणि मी ५५९ घेऊन आले होते.

ब्रेक. इथे मी जुन्याचा आग्रह सोडला आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. क्रोमच्या स्टील रिम्स कोरड्या असताना ठीक, ओल्या झाल्या की ब्रेक दाबायचा आणि वाट बघायची. पहिल्या पावसात एका वळणावर मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून आरामात पुढे जात होते, समोरचा माणूसच बाजूला झाला म्हणून निभावलं. चामड्याच्या तोंडाचे ब्रेक शू लावून बघितले, फरक पडतो, पण पुरेसा नाही. शेवटी पुढची रिम अॅल्युमिनियमची टाकली. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, ३२ भोकांची रिम मिळाली, ४० ची मिळता मिळेना, म्हणून मागची स्टीलचीच आहे. चालतं. थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. आरे विणायला मला तीन रात्री लागल्या आणि आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढायला अजून दोन, एखाद्या सरावाच्या माणसाचं ते तासाभराचं काम असेल.

गिअर मूळचे फार जड होते. पुढे ४८ दाते, मागे १८, म्हणजे मधल्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर, आणि वरच्याला सात मीटरच्या पुढे. तो वरचा गिअर मी पहिल्या महिन्यात फक्त उतारावर वापरला. मागचं दात्यांचं चक्र फक्त एका स्प्रिंग-कड्याने धरलेलं असतं, ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं (ते उडून कपाटामागे गेलं, कपाट हलवावं लागलं, चष्मा घाला) आणि २२ दात्यांचं टाकलं. चेन थोडी लांब लागली. आता मधला साडेचार मीटर, वरचा सहा, आणि तिन्ही गिअर रोज वापरात. अख्ख्या सायकलवर केलेल्या कामांत पैसा वसूल म्हणाल तर हे.

रंगाला हात लावला नाही. याच्या आधीच्या सायकलची फ्रेम मी पावडर कोटिंगला दिली होती, आली एकदम झकास, आणि मग कळलं की बुशच्या आट्यांत, वाट्यांच्या बैठकीत, सगळीकडे कोटिंग भरलंय, फ्रेम नंबर बुजलाय. काम करणाऱ्याला झाकायला सांगितलं होतं, तो हो म्हणाला होता. आटे साफ करण्यात दोन रविवार गेले आणि जुन्या सोनेरी रेषा कायमच्या गेल्या. त्यामुळे या वेळी फक्त साबण, मऊ फडकं आणि मेण. जिथे घासायलाच लागलं तिथे ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. खरचटे तसेच आहेत. कुठेही उभी केली तरी कोणी दोनदा बघत नाही, हा पण फायदाच.

मडगार्ड ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यात ठेवले होते, गंज रात्रीत सुटतो, रंग राहतो. विषारी आहे, हातमोजे घाला, मोकळ्या जागेत करा, नंतर भरपूर पाण्याने धुवा नाहीतर पिवळट थर राहतो. ते काम टिकलं. टिकलं नाही ते क्रोम. हँडल आणि मागची रिम ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने घासली होती, पहिल्या दिवशी आरसा, दोन महिन्यांनी परत तांबूस ठिपके. फॉइल गंज काढतं, पण जिथे क्रोमच उडालंय तिथे उघडं लोखंड आहे, ते परत गंजणारच. आता महिन्यातून एकदा मेण फिरवते आणि सोडून देते. फोटोसाठी सगळ्यात जास्त तास मी त्या क्रोमवर घातले होते, आणि जे कधी दिसत नाही ते छर्रे आणि ग्रीस अजून जसंच्या तसं आहे.

वजन सतरा किलो, जिने चढून न्यायची असेल तर या भानगडीत पडू नका. हँडल पण थोडं आखूड पडतं, मला चालतं.

तर डावी पिन. सातव्या महिन्यात प्रत्येक फेऱ्याला एक ‘कट्’ सुरू झालं, पाय खाली जाताना. आधी पायडल बदललं, मग सीटचा नट आवळला, मग चेनला तेल घातलं, म्हणजे जे सोपं ते सगळं केलं. शेवटी पाइप परत काढला, बाबांना परत बसवलं. पिन बाहेर आली तर तिरक्या बाजूवर चकाकी फक्त खालच्या कोपऱ्यात, नखाएवढी, आणि बाकी सगळीकडे माझ्या कानसीचे ओरखडे जसेच्या तसे.

बाबा म्हणाले, “ही तू घासलीस की नुसती दाखवलीस कानस?”

नवीन घासून बसवली, या वेळी वीस किलोमीटरनंतर आठवणीने ठोकली. दोन महिने झाले, आवाज नाही.