लावून दिलेलं ट्रेनिंग की आपण निवडलेलं?

डिचोलीची एक मैत्रीण आठवीला गणित शिकवते, विचारत होती सुट्टीत शाळेने लावलेलं ट्रेनिंग करू की आपल्या आवडीचं. 2020 च्या शिक्षण धोरणात वर्षाला किमान 50 तास म्हटलेत आणि तेही शिक्षकाच्या आवडीप्रमाणे, हे मात्र कोणी सांगत नाही.

वेळ: लावलेल्यात कदंबा बस पकडून पणजी गाठा, दिवस गेला. दीक्षा या शिक्षकांसाठीच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स जेवणं झाल्यावर घरी होतो, पण अर्धा सोडणंही तितकंच सोप्पं, माझेच दोन पडलेत.

वर्गातला उपयोग: खरा फरक इथेच. हॉलमध्ये पाचवीपासून दहावीपर्यंतचे सगळे एकत्र, स्लाइड्स बघा आणि चहा घ्या. मी ऋण संख्या स्वतः निवडून बसले तेव्हा कळलं पोरं −3 − (−5) ला का अडखळतात, मग व्हरांड्यातल्या लाद्यांची संख्यारेषा केली, पोरांना −3 वर उभं केलं, वजा म्हणून तोंड ऋण बाजूला, आणि −5 म्हणून पाच पावलं मागे, बरोब्बर 2 वर आली!

कागद: लावलेल्याचं सर्टिफिकेट मिळतं, मैत्रिणींबरोबर बसून केलेल्याचं कोण देणार?

नवीन लागलीयस किंवा पुस्तक बदललंय तर लावलेलंच कर. दरवर्षी पोरं एकाच धड्यावर अडकत असतील तर स्वतःचं निवड, फक्त सोबत कोणीतरी घे.