जुन्या गाडीला एलईडी: बल्ब नंतर घ्या, आधी फ्लॅशर बघा

चार बल्ब, दहा मिनिटांचं काम, असं समजून एका रविवारी मी आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या इंडिकेटरमध्ये एलईडी घातले. दांडी ओढली, दिवा लागला आणि लागूनच राहिला. ना टिकटिक, ना उघडझाप. पार्किंगमध्ये उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "फ्यूज गेला का रे?" फ्यूज ठणठणीत होता. उपाशी होता तो फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी.

जुना फ्लॅशर म्हणजे डबीत बसवलेली एक तापणारी पट्टी. करंट गेला की ती तापून वाकते आणि सर्किट तुटतं. थंड झाली की पुन्हा जोडलं जातं. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. एवढ्या करंटवर ती पट्टी नाचते. एलईडी बल्ब दोन-तीन वॅटचा, दोन मिळून अर्धा अँपिअरसुद्धा होत नाही. पट्टी तापणार कशी? अलीकडच्या गाड्यांत नेमकं उलटं होतं. तिथला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, कमी करंट बघून बल्ब उडाला असं धरतो आणि इंडिकेटर घाईघाईने फडफडायला लागतो.

म्हणजे ठरवायचं ते बल्बचं नाही, फ्लॅशरचं. आणि त्यासाठी तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, काहीच न बदलण्याचा. हसू नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत होल्डर गंजतात, बॉडीचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, सुटतो, आणि बल्बला १२.६ ऐवजी पावणेअकरा व्होल्टच मिळतात. फिलामेंटचा स्वभाव असा, की व्होल्टेज १५ टक्के पडलं तर उजेड चाळीस टक्क्यांहून जास्त पडतो. "पिवळट उजेड पडतो, एलईडी टाकू" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं काम पॉलिश पेपर आणि अर्थच्या एका नव्या वायरीत होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिवाय खराब अर्थवर एलईडी आणखी चाळे करतो. करंट भलत्याच वाटेने फिरतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. त्यामुळे पुढे कुठलाही रस्ता घेतलात तरी ही साफसफाई चुकत नाही.

दुसरा रस्ता लोड रेझिस्टरचा. ६ ओहम, ५० वॅटचा सोनेरी अॅल्युमिनियमचा तुकडा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. तो बल्बला समांतर जोडायचा, म्हणजे फ्लॅशरला जुनाच बल्ब आहे असं वाटतं. एक रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॅट खातो. त्यात दोन एलईडीचे पाच मिळवले तरी बेचाळीस होत नाहीत, म्हणून तापत्या पट्टीच्या फ्लॅशरला बऱ्याचदा प्रत्येक बल्बमागे एक लावावा लागतो. मग वीज वाचली कुठे? वर तो तुकडा हात लावू देत नाही इतका तापतो. पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवला तर ठीक. पन्नास वर्षं जुन्या वायरिंगच्या जुडग्यावर तो लोंबकळत ठेवलेला मी पाहिला आहे. हा रस्ता मला मुळीच पटत नाही.

तिसरा, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. तो करंटवर नाही, आतल्या घड्याळावर चालतो. मोटार वाहन नियमांत इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा असं आहे. जुनी पट्टी बॅटरी उतरली की मंदावते, हा मंदावत नाही. मुख्य म्हणजे एलईडी आणि साधे बल्ब एकत्र असले तरी त्याला फरक पडत नाही. फक्त डबीवर लिहिलेली वॅटची कमाल मर्यादा बघून घ्या.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला तिसऱ्या पिनचा. जुन्या तीन पिनांच्या फ्लॅशरमध्ये तिसरी पिन बहुधा डॅशबोर्डच्या दिव्याची असते. तिच्यावर 'पी' लिहिलेलं असतं. नव्यात तिसरी पिन अर्थची असू शकते, 'ई' किंवा '३१' अशी. पिना बसल्या म्हणून तसाच ठोकला, तर फ्लॅशरला अर्थच मिळत नाही. वायरमनला आधी अक्षरं वाचायला लावा. दुसरा खड्डा डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असलेल्या काही गाड्यांत येतो. तिथे तो दिवा डाव्या आणि उजव्या सर्किटच्या मध्ये जोडलेला असतो. एलईडीला इतका कमी करंट पुरतो, की त्या दिव्यातून झिरपलेल्या करंटवर दुसरी बाजूही लुकलुकते. माझ्या एका मित्राची गाडी हिंदमाताच्या सिग्नलला डावीकडे वळताना चारही बाजूंनी लुकलुकत होती. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन १एन४००७ डायोड घालून आणि त्या दिव्याला वेगळा अर्थ देऊन हे सुटतं, खर्च चहाइतका.

आवाजाचंही सांगतो. काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मुके असतात आणि मग इंडिकेटर चालू राहून माणूस वांद्र्यापासून माहीमपर्यंत तसाच जातो. आत रिले असलेला घ्या, तो टिकटिकतो.

ब्रेक आणि टेल लाइटला मात्र एलईडी घाला, इथे मी फार विचार करणार नाही. फिलामेंट पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद घेतं, एलईडी लगेच लागतो. ताशी ६० किलोमीटरला मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला तीन मीटर जास्त मिळतात, आणि पद्मिनीच्या मागे आज बहुधा एसयूव्हीच असते. दुसरा फायदा डायनामोवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या गाडीत अल्टरनेटरऐवजी जुना डायनामो बॅटरी चार्ज करतो त्यांना. डायनामो आयडलला जवळजवळ चार्ज करत नाही. जुलैच्या पावसात सायनला अडकलात, वायपर, हेडलाइट आणि ब्रेकवर पाय, की अँपिअर मीटरचा काटा उणेकडे झुकतो. ब्रेकचे तीनेक अँपिअर वाचले तर तेवढाच बॅटरीला श्वास.

पण लाल काचेमागे लाल एलईडीच हवा आणि पिवळीमागे पिवळाच. पांढऱ्या एलईडीत लाल रंग मुळात कमी, त्यामुळे काच फिकट गुलाबी दिसते. त्याच बल्बचा उजेड नंबर प्लेटवर पडत असेल, तर मात्र लाल घालून चालणार नाही. बल्ब कडेनेही उजेड फेकणारा घ्या, नाहीतर रिफ्लेक्टर अंधारात राहतो. दोन कामांच्या बल्बमध्ये ५ आणि २१ वॅटचा फरक डोळ्याला दिसायला हवा. स्वस्त एलईडीत टेल आणि ब्रेक सारखेच वाटतात. भर दुपारी, वीस पावलांवर कुणाला तरी उभं करून तपासा.

हेडलाइटला हात लावू नका. ती काच आणि रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे आखलेले असतात. त्यात एलईडी खोचला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता नीट उजळत नाही. हॅलोजन ठेवून दोन रिले आणि जाड वायर टाका. चार्जिंगचा लाल दिवाही साधाच राहू द्या. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो.

गाडी आणखी जुनी असेल तर आधी बॅटरी बघा. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे नेहमीचा एलईडी लागणार नाही आणि नेहमीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बिघडू शकतो. ६ व्होल्टवाल्यांना सगळंच वेगळं शोधावं लागतं. गाडी रॅलीत परीक्षकांसमोर उभी करायची असेल, तर बाहेरून दिसणारं काहीही बदलू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवताना चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं आहे का ते बघतात. परीक्षकांची नजर त्याहून बारीक.

माझ्या पद्मिनीत आता मागे एलईडी आहेत, पुढच्या इंडिकेटरला जुनेच २१ वॅटचे बल्ब आहेत, आणि दोघांना मिळून रिलेवाला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. जुना फ्लॅशर आणि दोन साधे बल्ब फडक्यात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेत. इलेक्ट्रॉनिक वस्तू जाते तेव्हा न सांगता जाते, आणि रात्री अकराला कुर्ल्यात दुकान उघडं नसतं.