घाटातली की बांधावरची? दोन मोठ्या कोळ्यांची ओळख

पाऊस ओसरला की साताऱ्यातून फोटो यायला लागतात. "यवतेश्वरच्या घाटात दिसला, केवढा मोठा! विषारी आहे का?" बहुतेकदा ती जायंट वुड स्पायडर असते, नाहीतर सिग्नेचर स्पायडर. ती म्हणतोय, कारण डोळ्यांत भरते ती मादीच. दोघींच्या अंगावर पिवळा रंग, दोघी डोकं खाली करून बसलेल्या. म्हणून रंगावर जाऊ नका, आधी जाळं बघा.

जायंट वुडचं जाळं झाडाझाडांमध्ये ताणलेलं, मीटरभर रुंद, उन्हात सोनेरी चमकणारं. मादी जाळ्याच्या मधोमध नाही, वरच्या अंगाला बसते. नुसतं अंगच ३ ते ५ सेंटिमीटर, काळ्या पायांच्या सांध्यांपाशी पिवळे ठिपके. जवळच लालसर, जेमतेम ५-६ मिलिमीटरचा कोळी दिसला तर लोक त्याला पिल्लू समजतात. तो नवरा! चंदेरी थेंबासारखे बारके कोळीही जाळ्यात असतात, पण ते वेगळ्याच जातीचे, तिच्या शिकारीवर डल्ला मारणारे.

सिग्नेचर खाली, झुडपात किंवा बांधावरच्या घायपातात सापडते. सांगलीकडच्या कोरड्या माळावर मी आधी हिचाच विचार करेन. आपल्याकडच्या नेहमीच्या जातीचं अंग सेंटिमीटरभर, पुढचा भाग चंदेरी, आणि पाय जोडीजोडीने धरलेले, त्यामुळे फुलीसारखी दिसते. जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी असते, पण इथेच फसगत होते. कधी चारही बाजूंना, कधी एकाच, कधी मुळीच नाही. पिल्लं तर गोल चकती विणतात. ही नक्षी किडे ओढायला की पक्ष्यांना सावध करायला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. डिवचलं तर बाई अख्खं जाळं गदागदा हलवते.

विषाचं म्हणाल तर माणसाला दोघींपासून धोका नाही. मुठीत दाबलं तर चावतील, एवढंच.

फोटो पाठीचा आणि पोटाचा, दोन्ही काढा, जाळ्यासकट. शेजारी काडेपेटी धरली तर आकार कळतो.

गोल जाळंच नसेल, गवतात जमिनीलगत दवाने भिजलेली चादर आणि तिच्या टोकाला नरसाळं असेल, तर या दोघींपैकी कुणीच नाही. ते जाळं विणणारा कोळी नरसाळ्याच्या तोंडाशी बसलेला असतो. पाऊल वाजलं की आत.