बर्मिंगहॅमची बॅक-टू-बॅक घरं: जाण्याआधी हे वाचा

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटांत हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटचा कोपरा येतो. हिप्पोड्रोम थिएटर लागलं की आलंच समजा. इथलं ‘कोर्ट १५’ म्हणजे मजुरांच्या बॅक-टू-बॅक घरांचं या शहरात उरलेलं शेवटचं अंगण. १८०२ ते १८३१ या काळात बांधलेली ११ घरं आहेत आणि २००४ पासून जुन्या वास्तू जपणारी ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था ती दाखवते. एकट्याने हिंडता येत नाही, गाईडबरोबरच जावं लागतं. गट लहान असतो, म्हणून बुकिंग आधीच करा.

चाळीत वाढलेल्या माणसाला सार्वजनिक नळ आणि संडासची रांग यांचं नवल वाटणार नाही. नवल आहे ते मागच्या भिंतीचं. दोन घरांची पाठ एकच. एका घराचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं अंगणाकडे. दार-खिडक्या फक्त पुढे, त्यामुळे वारा आरपार जायला वाटच नाही. प्रत्येक मजल्यावर जेमतेम बारा-तेरा फुटी एक खोली, अशा तीन मजल्यांचं घर. खाली चूल, जेवण, पाहुणे. वर झोपणं आणि बऱ्याचदा धंदाही. भिंतींवरचा कागद खळीने चिकटवलेला असायचा. त्यामागे ढेकूण, आणि भिंत सामाईक म्हटल्यावर शेजाऱ्याचे ढेकूणही आपलेच!

चार घरं चार काळांतली मांडली आहेत. १८४० च्या दशकातल्या घरात घड्याळांचे काटे बनवणारं लेव्ही कुटुंब, १८७० च्या दशकात काचेचे डोळे बनवणारे ओल्डफील्ड, १९३० च्या दशकात कुलपं बनवणारे मिचेल आणि शेवटी कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून आलेले शिंपी जॉर्ज साँडर्स. ओल्डफील्डांच्या घरात जरा रेंगाळा. पोरं आणि पोटभाडेकरू एकाच खोलीत, मधे नुसता पडदा. पोटभाडेकरू का ठेवायचे, ते ती खोली बघितल्यावर विचारावं लागत नाही.

अंगणातलं धुणंघर मात्र घाईत उरकू नका. विटांच्या चुलीवर पक्का बसवलेला हंडा आहे. आपल्या बंबात विस्तव पोटात असतो, इथे तो खाली. पाणी बादल्यांनी ओतायचं, जाळ घालायचा, किसलेला साबण आणि सोडा टाकून कपडे उकळायचे, मग टबात लाकडी दांड्याने घुसळायचे, खळबळायचे, पांढऱ्यांना नीळ द्यायची आणि रुळांमधून पिळून काढायचे. हंडा एक आणि बिऱ्हाडं अनेक, म्हणून वार ठरलेले. आपल्या वारी पाऊस लागला की ओले कपडे त्या इवल्याशा घरातच वाळत घालायचे आणि दमट हवेत झोपायचं.

पाण्याचं दुखणं याहून मोठं. अशा अंगणांत विहीर किंवा पंप आणि संडास एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असत. जमिनीत मुरलेली घाण थेट पाण्यात उतरे. जोसेफ चेंबरलेन महापौर असताना, १८७६ मध्ये, पालिकेने पाणीपुरवठा ताब्यात घेतला, तो उगाच नाही. बॅक-टू-बॅक बांधायला देशभर बंदी यायला तर १९०९ उजाडलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एकट्या बर्मिंगहॅममध्ये अशी सुमारे ४३ हजार घरं उभी होती.

आता तक्रार. ‘गरिबांची वस्ती’ बघायला म्हणून जाल, तर इथे दिसतात ते हातात कसब असलेले कारागीर. त्यांच्याही खाली माणसं होती. रात्रीपुरती जागा भाड्याने घेऊन दाटीवाटीने झोपणारे लोक या चार घरांत नाहीत. मँचेस्टर आणि लिव्हरपूलला अगदी गरीब लोक तळघरांत राहत, बर्मिंगहॅममध्ये तो प्रकार फारसा नव्हता. म्हणून एवढ्यावरून इंग्लंडच्या सगळ्या गिरणगावांचा अंदाज बांधू नका. शिवाय सारं झाडून-पुसून ठेवलेलं आहे. संडासची दुर्गंधी, कोळशाची काजळी आणि शेजारच्या पोराचा खोकला तुम्हालाच मनाने भरून घ्यावा लागतो.

जिने अरुंद, वळणाचे आणि खडे आहेत. गुडघे कुरकुरत असतील किंवा कडेवर तान्हं मूल असेल, तर तळमजल्यापुरत्या टूरचं बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. कोपऱ्यावर बरण्यांतून गोळ्या विकणारं जुन्या वळणाचं दुकान आहे, मुलांना तिथे न्या. रात्रभर राहायचं असेल तर इंज स्ट्रीटवरची दोन घरं मुक्कामासाठी भाड्याने मिळतात, अर्थात आतल्या नळ-संडाससकट.